मागच्या खोलीची वेळ

खरं नाव त्याच्या लाइटबिलावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळे त्याला होतंय म्हणत. हे नाव चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने ठेवलेलं. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून तो चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाला घासायचा, आणि पुढून गिऱ्हाइकाने विचारलं, झाला का माझा चष्मा, की आतून एकच उत्तर यायचं: होतंय. आता चष्मा असेल तर तो होतोय, काच असेल तर ती होतेय, एवढं मराठी कुणालाही कळतं. पण ह्याचं आपलं सदैव नपुंसकलिंगी होतंय. नेमकं काय होतंय ते त्यातून कुणालाच कळत नसे, त्यामुळे कुणाला नीट भांडताही येत नसे.

मालकाचं दुखणं वेगळंच होतं. कामचुकार माणूस असता तर केव्हाच घरी बसवला असता, असं तो म्हणायचा. पण हा कामचुकार नव्हता. सकाळी यंत्रापुढे बसला की मान वर करत नसे. काच घासायची, उजेडात धरायची, तिरकी करून बघायची, पुन्हा घासायची. त्याच्या हातचा चष्मा नाकावर असा हलका बसायचा की लोक तो डोळ्यांवर असतानाच घरभर शोधत फिरायचे. फक्त तो हातात पडेपर्यंत काही गिऱ्हाइकांचा नंबर वाढलेला असायचा.

घरीही तेच. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी बसवणं होतंय होतं, म्हणून आत गेलेल्या माणसाने मोठ्याने गुणगुणायचं असा नियम होता. खिडकीची एक झडप निळी रंगवून झाली होती आणि दुसरीचं होतंय. मागच्या खोलीतलं घड्याळ टिकटिक फार मोठ्याने करतं म्हणून त्याने ते उघडलं. तेव्हापासून ते एका बिस्किटांच्या डब्यात होतंय. टिकटिक मात्र थांबली होती, हे त्याला मान्य करायलाच हवं.

त्याची बायको एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, आणि मुख्य म्हणजे ती टाइमकीपरची मुलगी होती. तिच्या बाबांनी सगळी नोकरी बस डेपोत काढली. कुठली गाडी कितीला आली आणि कितीला सुटली, हे काचेच्या खिडकीमागे बसून टिपायचं त्यांचं काम. डेपोतल्या घड्याळाच्या धाकात चालणाऱ्या त्यांच्या घरात दूधसुद्धा वेळापत्रकाप्रमाणे उतू जायचं. अशा घरातली मुलगी होतंयच्या घरात येऊन पडली. पहिली काही वर्षं तिने रागावून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला. अबोल्याचा उपयोग झाला नाही, कारण तो धरलाय हे त्याच्या ध्यानात यायलाच उशीर व्हायचा. शेवटी तिने घड्याळांना हाताशी धरलं.

हॉलमधलं घड्याळ तिने दहा मिनिटं पुढे केलं. त्याला ते कळलं आणि तो मनातल्या मनात दहा वजा करू लागला. त्याला कळलंय हे तिला कळलं, तेव्हा तिने वीस केलं. असं करत करत ते चाळीस मिनिटं पुढे गेलं. स्वयंपाकघरातलं किती पुढे होतं ते तिलाही धड सांगता आलं नसतं, आणि झोपायच्या खोलीतलं तर त्याहून पुढे, कारण उठण्याच्या बाबतीत तिचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. त्याचा मोबाइल आणि स्वतःचं मनगटी घड्याळही तिने त्याच रांगेत नेऊन बसवलं. एकदा दोघं सिनेमाला गेली तर आधीचा खेळ अजून अर्ध्यावर होता. दोघं बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसून राहिली. घड्याळांचा विषय काढायचा नाही, असं त्यांच्यात न बोलताच ठरलेलं होतं.

एकच गोष्ट तिला आतून खात होती. टाइमकीपरच्या मुलीच्या घरात एकही घड्याळ बरोबर नाही, हे बाबांच्या कानावर जाता कामा नये. त्या विचाराने तिला खरोखर लाज वाटायची.

आता कॉम्प्युटरचं. मागच्या खोलीतला तो जाडजूड, पिवळा पडलेला कॉम्प्युटर तिचा होता. लग्न नवं होतं तेव्हा होतंयचं आधीचं दुकान बंद पडलं आणि तो घरी बसला. त्या दिवसांत तिने ह्याच कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका टाइप करून घर चालवलं होतं. पुढे दिवस पालटले, पण मशीन तिने टाकलं नाही. मग एक दिवस ते सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने ते उघडून पाहिलं, मालकिणीकडे पाहिलं आणि एखाद्या संग्रहालयाला विचारा असं सुचवलं. तिला फार वाईट वाटलं. तिला वाईट वाटलेलं पाहून त्यालाही वाटलं. म्हणून तो म्हणाला, मी करतो चालू. आणि हे त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं.

कॉम्प्युटर चालवायला जी सिस्टिम लागते, त्यातल्या विकतच्या सिस्टिमने त्या मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्याने फुकट मिळणाऱ्या, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सिस्टिम आणून पाहिल्या. त्या बिचाऱ्या सुरू व्हायच्या आणि हा प्रोसेसर आमच्या ओळखीचा नाही, असं कळवून बंद पडायच्या. शेवटी त्याने कुठेतरी वाचलं की तयार सिस्टिम बसत नसेल तर तिचा मूळ सोर्स कोड, म्हणजे तिची लिहिलेली कृती, घ्यावा आणि आपल्या मशीनच्या मापाने ती आपणच घरी घडवावी. मापाने घडवायची, हे वाचून त्याचा जीव हरखला. आयुष्यभर तो दुसरं करत काय होता?

हे काम कसं असतं ते त्याने बायकोला तिच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. समज, तुला भात करायचाय. पण घरात पातेलं नाही, तर आधी पातेलं घडवायचं. पातेलं घडवायला हातोडी लागते, ती दुसऱ्याची उसनी आणायची, तिने आपली हातोडी घडवायची, आणि मग आपल्या हातोडीने पुन्हा एकदा आपलीच हातोडी घडवायची, म्हणजे उसन्या हातोडीचा काही अंश राहत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि भात?" तिने विचारलं.

"होतंय," तो म्हणाला.

दुकानातून आला की तो मागच्या खोलीत जाऊन बसायचा आणि उसन्या आणलेल्या एका तात्पुरत्या सिस्टिमने मशीन कसंबसं जागं करायचा. पडद्यावर अक्षरांच्या ओळी खालून वर पळत राहायच्या आणि तो हनुवटीला हात लावून त्या बघायचा. मधेच ओळी थांबायच्या. म्हणजे चूक झाली. चूक शोधायची, फाइल दुरुस्त करायची, पुन्हा सुरू करायचं. ही खाचखळग्यांची वाट तुडवत तो बराच लांब आला होता. ती माहेरी गेली होती तेव्हा तर काम सुसाट झालं. ती असताना पंख्याचा आवाज डोक्यात जातो म्हणून मशीन रोज दोनतीनदा बंद करावं लागायचं; ती नव्हती तेव्हा त्याने ते एकदाही बंद केलं नाही. सिस्टिम ज्या सुट्या भागांची बनते त्यांना तो पुडकी म्हणायचा; पुडक्यामागून पुडकं तयार होत गेलं, एकही चूक आली नाही. ती परत आली आणि सगळं अडलं. तू नव्हतीस तेव्हा हे किती छान चाललं होतं, असं तो भाबडेपणाने तिला सांगून बसला. त्यानंतर घरात जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

अडलं होतं ते शेवटून दुसऱ्या पुडक्यापाशी. तेवढं झालं की सिस्टिमचा गाभा घडवायचा आणि मशीन चालू. पण ते पुडकं हटून बसलं. दर वेळी थोडं पुढे जायचं आणि एकच संदेश टाकून थांबायचं: नुकतीच तयार झालेली फाइल आधीच्या फाइलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. कधी लिहायचं की अमुक फाइलची वेळ भविष्यातली आहे. भविष्याचा उल्लेख वाचून त्याला पहिल्यांदा जरा बरंच वाटलं. पण मग ते पुन्हा पहिल्यापासून घडवायला लागायचं.

घड्याळ तपासा म्हटल्यावर त्याने तपासलं. तो उठून हॉलमध्ये गेला, खुर्चीवर चढून घड्याळाला कान लावला. चालू होतं. वेळ मनात धरून मागे आला आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या वेळेशी ताडून पाहिली. जुळत होती. म्हणजे घड्याळात काही खोट नव्हती.

इथे एक सांगायला हवं. त्या मशीनच्या पोटात वेळ लक्षात ठेवणारा एक छोटा सेल असतो, तो मेला होता आणि नवा आणणं होतंय होतं. त्यामुळे मशीन चालू केलं की ते दर वेळी आधी वेळ विचारायचं. मागच्या खोलीतलं घड्याळ डब्यात आणि मोबाइल कायम स्वयंपाकघरात चार्ज होतंय. मग तो बसल्या जागेवरून ओरडायचा, किती वाजले गं? आणि ती जे सांगेल ते तो भरायचा. आता ती सांगायची ती काही वेळ नसायची. तिला तो जेवायला उठायला हवा असेल तर रात्रीचे दहा वाजून गेलेले असायचे. दळण आणायचं असेल तर गिरणी बंद व्हायची वेळ झालेली असायची. रागात असली तर तासभर जास्त, बऱ्या मनात असली तर हॉलमधलं बघून सांगायची. थोडक्यात, त्या मशीनमधल्या प्रत्येक फाइलवर तिच्या त्या त्या घटकेच्या मनःस्थितीची नोंद होती. मघाशी रागात दुरुस्त झालेली फाइल आत्ता गोडीत घडलेल्या फाइलच्या पुढच्या काळातली ठरायची. मशीन बापडं खरं तेच सांगत होतं.

पण हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने मोबाइलवरून एका फोरमवर मदत मागितली. तिथे जगभरची माणसं एकमेकांना फुकट मदत करतात, आणि त्यांचे स्वभाव फुकटाला साजेसेच असतात. एकाने लिहिलं, संदेश वाचता येतो का, घड्याळ तपास. ह्याने लिहिलं, तपासलं, हॉलमधल्याशी जुळतंय. दुसऱ्याने विचारलं की टाइमझोन, म्हणजे जगातल्या कुठल्या भागाची वेळ, लावला आहेस. ह्याने प्रामाणिकपणे लिहिलं, मागची खोली. त्यानंतर बरेच दिवस कुणीच काही लिहिलं नाही. मग कुठल्यातरी थंड देशातल्या एका बाईने, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

घरी ठीक नव्हतं. बायकोच्या बाबांना आता एकट्याने राहणं जमेना. दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा ते स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून कुठे वळायचं ते आठवत बसले होते. त्यांना इथे आणायचं ठरलं, म्हणजे मागची खोली लागणार. रविवारी सकाळी बाबा येणार, आणि रविवारीच दुपारी चार वाजता भंगारवाला येणार, असं तिने सांगून टाकलं. होतंयने पडद्याकडे बघत मान हलवली. तेव्हा ती त्याच्या आणि पडद्याच्या मधे येऊन उभी राहिली.

"मला हा कॉम्प्युटर नकोय," ती म्हणाली. "माझी सगळी कामं ऑफिसातल्यावर होतात. मला फक्त एकदा तुमच्या तोंडून झालं असं ऐकायचं होतं. एका तरी गोष्टीबद्दल. नाही ऐकायला मिळत तर राहू दे, नेऊ दे त्याला."

हे ती चिडून बोलली असती तर त्याने नेहमीसारखं सोडून दिलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली, आणि ते त्याच्या मनाला फार लागलं. त्याने आठवून पाहिलं. लग्न लागल्यावर झालं म्हणाला होता का? तेही बहुतेक दुसरं कुणीतरी म्हणालं होतं.

रविवारी तो बाबांना आणायला बस स्टँडवर गेला. हॉलमधल्या घड्याळाप्रमाणे गेल्यामुळे चांगला चाळीस मिनिटं आधी पोचला, कारण त्या गडबडीत तो वजा करायचं विसरला. गाडीही वेळेआधी आली. बाबा उतरले. समोर जावई उभा पाहून त्यांनी एकदा स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे. मनगटावरचं घड्याळ डेपोने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं होतं आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते आजवर मिनिटाने चुकलं नव्हतं. दोन्ही वेळा जुळल्या. जावयाबद्दल इतकी वर्षं आपला गैरसमज झाला की काय, अशा नजरेने त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

इकडे घरात तिची घाई चालली होती. नवरा बाहेर पडला की सगळी घड्याळं बरोबर करायची असं तिने ठरवलं होतं. आधी केली असती तर तो स्टँडवर संध्याकाळी पोचला असता. पण हॉलमधलं चाळीस पुढे आहे, एवढंच तिला खात्रीने ठाऊक होतं. बाकीच्यांचा हिशोब तिचा तिलाच लागेना. म्हणून तिने बाकीची दोन्ही आधी हॉलमधल्याला जुळवून घेतली. आता तिन्हीतून चाळीस काढले की काम झालं, म्हणून ती हॉलमधल्या घड्याळाखाली स्टुलावर चढली आणि दारात बाबा उभे. काय करतेस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, धूळ पुसतेय. तिने पदराने घड्याळाची काच पुसली आणि खाली उतरली.

बाबांनी ते घड्याळ पाहिलं. मग मनगटाकडे पाहिलं. मग ते हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथलं घड्याळ पाहिलं. झोपायच्या खोलीत डोकावून तिथलंही पाहिलं. घरची तिन्ही घड्याळं एकच वेळ सांगत होती आणि त्यांचं एकट्याचं वेगळी. पान वाढलं तर भूक नाही म्हणाले आणि मागच्या खोलीत जाऊन खाटेवर बसले.

तिथे होतंय मशीनपुढे बसला होता. शेवटचा दिवस म्हणून त्याने ते पुन्हा एकदा चालू केलं होतं, वेळ विचारली होती, बाबांना जेवायला बसवायची घाई असलेल्या बायकोने सांगितली होती, आणि पुडक्याने त्याला तोच संदेश दाखवला होता. बाबांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"जावईबापू, आपण वाटेत कुठे थांबलो होतो का?"

कुठेच नाही, असं तो म्हणाला.

"मी कुठे बसून राहिलो? चक्कर वगैरे?"

"नाही बाबा. सरळ घरी आलो आपण."

"स्टँडवर माझं घड्याळ बरोबर होतं. तुम्ही होता तिथे. आता चाळीस मिनिटं कमी आहेत." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ती कुठे गेली मला आठवत नाही. घरात सांगू नका, पण सुरू झालंय वाटतं. आता सगळंच जाणार माझं."

ते मनगटावरच्या घड्याळाची काच अंगठ्याने पुसत राहिले. होतंयला भयंकर वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असतानाच त्याच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. चाळीस मिनिटं. आधीच्यापेक्षा जुनी. भविष्यातली वेळ. तो पडद्याकडे वळला, मग बाबांच्या मनगटाकडे. म्हणजे संदेश पहिल्या दिवसापासून त्याला घड्याळ तपासायला सांगत होता आणि तो घड्याळ घड्याळाशीच ताडत बसला होता.

सिस्टिम सुरू करायची तर खरी वेळ हवी, आणि घरात खरी वेळ एकाच मनगटावर होती. पण ती मागायची म्हणजे बायकोचं गुपित फोडायचं. ती पळी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. एरवी अशा वेळी होतंयने दहा गोष्टींचा विचार करत संध्याकाळ केली असती. आज त्याने केला नाही.

"बाबा, तुमचं घड्याळ बरोबर आहे," तो म्हणाला. "आमचं घर पुढे आहे."

बाबांना काही कळेना. मग त्याने सगळं सांगितलं, दहापासून चाळीसपर्यंत. हिचा ह्यात काही दोष नाही, माझ्या उशिरापायी तिने हे केलं, असंही सांगितलं. ती दारात उभी राहून रडत होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावरची नोंद पुन्हा एकदा तपासून घ्यावी तसं विचारलं, म्हणजे मधे काही हरवलं नाही ना? काही नाही, तो म्हणाला. मग बाबांनी मोठा श्वास सोडला आणि लेकीला जवळ बसवून घेतलं.

"रडू नकोस," ते म्हणाले. "डेपोतलं मोठं घड्याळ मीही पाच मिनिटं पुढेच ठेवायचो. ड्रायव्हर लोक चहाला जायचे आणि यायचेच नाहीत. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

तिने डोळे पुसता पुसता बाबांकडे पाहिलं. ज्या घड्याळाच्या भीतीने तिचं सगळं लहानपण गेलं, ते पुढे होतं. ती हसायला लागली आणि मग तिला ते आवरेना. बाबांनी पान परत मागवलं आणि दोन वेळा भात घेतला.

जेवून ते होतंयच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, मनगट त्याच्यासमोर धरलं आणि सेकंदासकट वेळ सांगितली. त्याने ती भरली. मग त्याने एक आज्ञा दिली, तिने मशीनमधल्या एकूण एक फाइलला एकदा हात लागतो आणि सगळ्यांची वेळ आत्ताची होते. कुणी कालच्या रागातलं राहिलं नाही, कुणी उद्याच्या घाईतलं राहिलं नाही. त्याने पुडकं पुन्हा सुरू केलं. ओळी खालून वर पळू लागल्या, संदेश यायचा ती जागा आली आणि मागे गेली. पुडकं तयार झालं. त्याने लगेच गाभा घडवायला घेतला, म्हाताऱ्या मशीनला त्याला सगळी दुपार लागणार होती. बाबा मधूनमधून वेळ सांगत होते, कुणी विचारलेली नसताना.

ओळी अजून पळतच होत्या तेव्हा बायकोने हॉलमधून सवयीने हाक दिली, चार वाजले. होतंयने हात मांडीवर ठेवले आणि तो तसाच बसला.

"वाजले नाहीत," बाबा म्हणाले. "तीन वाजून वीस मिनिटं."

ती चाळीस मिनिटं तिने त्याला धाक घालायला वर्षानुवर्षं साठवलेली होती. आज ती त्याच्या कामी आली, आणि तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घड्याळाला मनापासून धन्यवाद म्हणाला.

भंगारवाला मात्र खऱ्या चारला आला. तो वेळेचा पक्का होता, तो त्याचा एक दोषच म्हणायचा. दाराशी वजनकाटा टेकून त्याने आत पाहिलं आणि कुठे आहे माल, असं विचारलं. मागच्या खोलीत ओळी पळत होत्या. बाबा प्रवासाने थकून खाटेवर झोपी गेले होते. होतंय उठून बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. शब्द दिला म्हणजे दिला. तो भंगारवाल्याला आत या म्हणणार, एवढ्यात बायको पुढे झाली आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

"थांबा जरा," ती भंगारवाल्याला म्हणाली. "होतंय."

आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिचे कान लाल झाले. होतंयने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे न पाहता, आत जा, असा हात केला. तो आत गेला. भंगारवाला पायरीवर बसला.

आतून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. मशीन बंद झालं होतं. मग ते पुन्हा सुरू झालं, आपल्या पायावर, आणि नव्या सिस्टिमने पहिलं काय केलं, तर वेळ विचारली. सेल मेलेलाच होता.

"किती वाजले गं?" आतून हाक आली.

ती हॉलमध्ये घड्याळाखालीच उभी होती. तिने वर पाहिलं नाही. ती मागच्या खोलीत गेली, झोपलेल्या बाबांचा हात हलकेच उचलला आणि नीट वाकून मनगट पाहिलं. "चार वाजून अकरा," ती म्हणाली. त्याने ते भरलं. पडदा काळा झाला, आणि मग त्यावर वर डाव्या कोपऱ्यात आता टाइप करा असं सांगणारी एक छोटी चौकट लुकलुकू लागली. बाकी काही नाही. तेवढ्यासाठी सगळं केलं होतं.

"झालं का?" तिने विचारलं.

त्याचं तोंड सवयीने उघडलं. हो, इतकं बाहेर आलं, आणि तो थांबला. पुढचं अक्षर त्याने गिळून टाकलं.

"झालं," तो म्हणाला.

तिने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली, आणि कितीतरी वर्षांनी त्या कीबोर्डवर बोटं ठेवली. "परत म्हणा," ती म्हणाली. तो परत म्हणाला. ह्या वेळी त्याचा आवाज जरा फुटला, आणि तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं, कारण तिचाही फुटला असता.

भंगारवाला खोलीच्या दाराशी येऊन उभा होता. त्याने मशीन पाहिलं, लुकलुकणारी चौकट पाहिली. म्हणाला, असलीच दोन आमच्या गोदामात पडली आहेत, चालू करून द्याल का साहेब? होतंयने वळून तोंड उघडलं.

"नाही होत," ती म्हणाली.

मग तिने त्याला रिकाम्या हाताने पाठवायला नको म्हणून बिस्किटांचा डबा आतल्या घड्याळासकट देऊन टाकला. तो गेल्यावर ती हॉलमधल्या घड्याळाखाली स्टूल घेऊन चढली. आतून बाबा जागे झाल्याचा आवाज आला. तिने त्यांना वेळ विचारली, त्यांनी सांगितली, आणि तिने काटे चाळीस मिनिटं मागे आणून बरोबर त्या वेळेवर ठेवले. घड्याळ भिंतीवर परत अडकवलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग पुन्हा हात वर करून तिने मोठा काटा पाच मिनिटं पुढे सरकवला, डेपोतल्यासारखा.